‘स्वतःची काळजी घ्या’ म्हणणाऱ्या विश्वस्तांना आणि समन्वयकांना खुले पत्र

सेवाभावी संस्थांचे विश्वस्त, पदाधिकारी आणि स्वयंसेवकांचे समन्वयक यांस,

सप्रेम नमस्कार.

स्वयंसेवकांचं कोणतंही प्रशिक्षण संपत आलं की एक वाक्य हमखास येतं : “आणि हो, स्वतःचीही काळजी घ्या बरं का.” तोपर्यंत लोक वह्या मिटायला लागलेले असतात. मी बरीच वर्षं हेल्पलाइनवर फोन घेते आणि दीर्घ आजारी माणसांच्या घरच्यांसोबत काम करते. हे वाक्य मी कितीतरी जणांच्या तोंडून ऐकलं आहे. बोलणाऱ्याच्या मनात माया असते, त्याबद्दल मला शंका नाही. तरीही आज मी त्या वाक्यावर हरकत घेण्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

हरकत अशी, की ते वाक्य बोलून झालं की संस्थेला आपली जबाबदारी संपल्यासारखी वाटते आणि कार्यकर्त्याच्या अंगावर मात्र आणखी एक काम येऊन पडतं. नोकरी करायची, घर बघायचं, संस्थेत येऊन दुसऱ्याचं दुःख ऐकायचं आणि या सगळ्यातून वेळ उरला तर स्वतःला सावरायचं. नाही सावरता आलं, तर तोही दोष त्याचाच. माझं म्हणणं उलट आहे. मदत करणाऱ्याची विश्रांती हा मदतीच्या कामाचाच भाग आहे. जो काम वाटून देतो, त्यानेच ती विश्रांतीही वेळापत्रकात मांडायला हवी.

माझ्यासोबत पाळी करणाऱ्या एक ताई होत्या. कुणी आलं नाही की पहिला फोन त्यांनाच जायचा, कारण त्या कधीच नाही म्हणायच्या नाहीत. त्यांची आई घरी अंथरुणाला खिळलेली होती, ही गोष्ट संस्थेत फार थोड्यांना ठाऊक होती. विचारायचं कुणाला सुचलंच नाही. पुढे पुढे त्यांचे फोन आखूड होऊ लागले. समोरचा बोलत असताना मध्येच उपाय सांगून मोकळं व्हायची घाई त्यांच्या आवाजात यायला लागली. मग एक दिवस त्यांनी येणं थांबवलं. बैठकीत त्यांचा विषय निघाला तेव्हा कुणीतरी म्हणालं, “त्यांचा उत्साह टिकला नाही,” आणि पुढचा विषय घेतला गेला. त्यांच्या जागी दोन नवे लोक आले आणि त्यांच्या हाती तेच वेळापत्रक दिलं गेलं. तो “उत्साह टिकला नाही” हा शेरा मला आजही बोचतो. ज्या माणसाने सगळ्यात जास्त दिलं, त्याच्याच चांगुलपणात काहीतरी कमी होतं, असं त्यातून निघतं.

हे नवं नाही, म्हणूनच जास्त वाईट वाटतं. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1974 मध्ये या थकव्याचं सविस्तर वर्णन लिहिलं, ते न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात राबणाऱ्या लोकांना पाहून. त्यांत स्वयंसेवकही होते. तो स्वतः दिवसा आपली प्रॅक्टिस करून संध्याकाळनंतर तिथे काम करत असे. रेंगाळणारी सर्दी, सततची डोकेदुखी, बिघडलेलं पोट, उडालेली झोप, क्षुल्लक गोष्टींवरून होणारी चिडचिड, हे सगळं त्याने नोंदवलं. आणि हे कुणाला होतं, तर कामचुकार माणसाला नव्हे, कामाशी जिवाभावाने बांधलेल्याला, असं त्याने स्पष्ट लिहिलं. उपाय सांगताना त्याने कामं आलटूनपालटून देणं, तास मर्यादित ठेवणं, सुटी देणं, माणसं वाढवणं अशा गोष्टी सांगितल्या. या बहुतेक गोष्टी दवाखाना चालवणाऱ्यांनी करायच्या आहेत. पन्नास वर्षं उलटून गेली, आणि आपण मात्र अजून सगळा भार त्या एकट्या माणसावर टाकून मोकळे होतो.

पुढे क्रिस्टिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन या संशोधकांनी 1981 मध्ये हा थकवा मोजण्यासाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. त्यात तीन गोष्टी पाहिल्या जातात : मन पार आटून जाणं, समोरच्या माणसाकडे माणूस म्हणून पाहणं बंद होणं, आणि आपल्या हातून काहीच होत नाही असं वाटणं. पहिली आणि तिसरी गोष्ट कार्यकर्त्याला स्वतःला जाणवते. दुसरी मात्र अनेकदा त्याच्या लक्षात येत नाही, ती सोसावी लागते ज्याला मदत हवी आहे त्याला. कार्यालयातल्या बोलण्याकडे कान द्या, म्हणजे कळेल. माणसांची नावं गळून पडतात. “तो रोजचा फोनवाला,” “ती रडणारी,” “त्याला काही नको असतं, नुसता वेळ खातो.” असं बोलणारी माणसं वाईट नसतात. बहुतेक वेळा ती महिनोन् महिने न थांबता काम करत असतात. त्यांना शिस्तीचा धडा देण्याआधी त्यांचं वेळापत्रक काढून बघा.

जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची, म्हणजे कामातून येणाऱ्या याच थकव्याची, नोंद केली आहे. ही आवृत्ती जानेवारी 2022 पासून लागू झाली. तिथे त्याला आजार म्हटलेलं नाही, कामाशी निगडित स्थिती म्हटलं आहे : कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण, जो नीट हाताळला गेला नाही. म्हणजे गाऱ्हाणं कामाच्या मांडणीविषयी आहे. माणूस दुबळा निघाला, असा निकाल त्यात कुठेही दिलेला नाही.

आता कुणी म्हणेल, सेवेला आलेल्या माणसाने थोडं सोसलंच पाहिजे. सोसावं लागतं, मान्य. पण सोसण्याची किंमत नेहमी सोसणाराच देतो, असं नाही. ड्रू डॉसन आणि कॅथ्रिन रीड यांनी 1997 मध्ये दाखवून दिलं, की सलग 17 तास जागं राहिलेल्या माणसाच्या हालचालींतली अचूकता रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरते, आणि 24 तासांच्या जागरणानंतर ती साधारण 0.10 टक्क्यांच्या बरोबरीला जाते. 2004 मध्ये अतिदक्षता विभागातल्या शिकाऊ डॉक्टरांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चोवीस तासांहून लांबणाऱ्या पाळ्यांच्या जुन्या वेळापत्रकात त्यांच्या हातून गंभीर चुका 36 टक्क्यांनी जास्त होत होत्या. तेच डॉक्टर, तेच शिक्षण, फरक फक्त पाळ्यांचा. दारू पिऊन फोनवर बसलेल्या स्वयंसेवकाला तुम्ही एक क्षणही बसू देणार नाही. रात्रभर इस्पितळात बसून सकाळी थेट पाळीवर आलेल्याचं मात्र आपण सगळ्यांसमोर कौतुक करतो.

त्या कौतुकाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण मला वाटतं खरी मेख तिथेच आहे. वार्षिक कार्यक्रमात सत्कार कुणाचा होतो? “वर्षभरात एकही सुटी न घेणाऱ्या” कार्यकर्त्याचा. “तापातही काम न थांबवणाऱ्या” समन्वयकाचा. “घरातलं कार्य सोडून धावून आलेल्या” ताईंचा. टाळ्या वाजतात, फोटो निघतात, आणि सभागृहात बसलेला प्रत्येक नवा स्वयंसेवक एक धडा शिकून जातो : इथे मान मिळवायचा तर स्वतःला झिजवावं लागतं. त्यानंतर तुम्ही कितीही वेळा “स्वतःची काळजी घ्या” म्हटलंत, तरी तो त्या टाळ्यांवरच विश्वास ठेवणार. तुम्ही ज्याचा सत्कार करता, तीच तुमची खरी सूचना असते. म्हणून माझी पहिली विनंती : हे सत्कार बंद करा. सत्कार करायचाच असेल, तर ज्याने आपलं काम दुसऱ्याला इतकं नीट शिकवलं की तो महिनाभर नसतानाही काही अडलं नाही, त्याचा करा.

स्वतःकडे पाहणं म्हणजे स्वार्थ, हा समज फार खोलवर रुजलेला आहे. डॉक्टरांच्या जागतिक संघटनेने 1948 मध्ये जिनिव्हाची प्रतिज्ञा स्वीकारली. तिचा सगळा रोख रुग्णाकडे, गुरूंकडे आणि सहकाऱ्यांकडे होता. डॉक्टरने स्वतःच्या आरोग्याकडे लक्ष द्यावं, हे तिच्यात यायला 2017 साल उजाडावं लागलं. त्या वाक्यात कारणही दिलेलं आहे : रुग्णाला उत्तम दर्जाची सेवा देता यावी म्हणून. जवळजवळ सत्तर वर्षांनी का होईना, एका जुन्या आणि मानी व्यवसायाने हे आपल्या प्रतिज्ञेत घातलं. आपल्या संस्थांच्या नियमावलीत ते घालायला काय हरकत आहे?

दुसऱ्या टोकालाही एक चूक होते, तीही सांगायला हवी. थकलेल्या कार्यकर्त्याला काही जण सांगतात, “फार मनाला लावून घेऊ नका, थोडं कोरडं व्हायला शिका.” हा सल्ला मला मुळीच पटत नाही. ओल्गा क्लिमेकी, टानिया सिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे फार उपयोगी आहे. लोकांना दुःखाची चित्रफीत दाखवताना आधी त्यांना समोरच्याची वेदना जशीच्या तशी स्वतःत अनुभवण्याचं प्रशिक्षण दिलं. त्यांचं मन अधिक काळवंडलं. मग त्याच लोकांना मायेचं प्रशिक्षण दिलं, म्हणजे त्या माणसाचं भलं व्हावं ही भावना मनात धरून पाहायला शिकवलं. दुःख तेच, पण आता मन पुन्हा सावरलं, आणि मेंदूत वेगळेच भाग जागे झालेले दिसले. म्हणजे कोरडं होण्याची गरज नाही. समोरच्याच्या दुःखात बुडून जाणं आणि त्याचा हात धरणं यांत फरक आहे, आणि तो फरक शिकवता येतो. तुमच्या प्रशिक्षणांत अर्ज कसे भरायचे, नोंदी कशा ठेवायच्या, यावर जेवढा वेळ जातो, त्याच्या निम्मा तरी वेळ याला द्या.

मदत करणं मुळात अपायकारक आहे, असंही मला म्हणायचं नाही. 2003 मध्ये स्टेफनी ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वयस्कर जोडप्यांचा पाच वर्षं मागोवा घेतलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात इतरांना आधार देणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी आढळलं. आधार मिळवणाऱ्यांना मात्र तसा फायदा दिसला नाही. दुसरीकडे, 1999 मध्ये रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांनी आजारी जोडीदाराची शुश्रूषा करणाऱ्या वृद्धांचा चार वर्षांचा अभ्यास मांडला. शुश्रूषेचा ताण जाणवणाऱ्यांत मृत्यूची जोखीम, तशी जबाबदारी नसलेल्यांच्या तुलनेत, 63 टक्क्यांनी जास्त होती. दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या की मला एकच अर्थ लागतो : माणूस मदतीने खचत नाही, एकट्यावर पडलेल्या मदतीने खचतो. तो एकटेपणा कमी करणं संस्थेच्या हातात असतं.

विमानातल्या ऑक्सिजनच्या मुखवट्याचं उदाहरण तुम्हीही प्रशिक्षणात देत असाल : आधी स्वतःला लावा, मग शेजारच्याला. ते ऐकताना माझ्या मनात दर वेळी एक गोष्ट येते. तो मुखवटा प्रवाशाने घरून आणलेला नसतो. प्रत्येक आसनावर तो आधीच बसवलेला असतो, तपासलेला असतो, आणि गरज पडली की आपोआप खाली येतो. आपल्या संस्थांत मात्र मुखवटा स्वतः शोधून आणायचा, आणि तो लावायला आधी परवानगी मागायची, असा प्रकार आहे.

हे करून दाखवलेल्यांची उदाहरणं आहेत. चॅड व्हाराह यांनी 1953 मध्ये लंडनमध्ये समॅरिटन्स ही सेवा सुरू केली. आत्महत्येच्या उंबरठ्यावर आलेल्यांचं ऐकून घेणारे स्वयंसेवक हा तिचा कणा. तिथे पाळी संपली की स्वयंसेवक थेट घरी जात नाही. त्या पाळीची जबाबदारी असलेल्या अनुभवी सहकाऱ्याशी बोलतो : कोणते फोन आले, कोणता मनात रुतून बसला, आता कसं वाटतंय. मग निघतो. यात खर्च काय आहे? थोडा वेळ आणि एक ऐकणारा माणूस. पण हा वेळ पाळीतच धरलेला असतो, म्हणून तो मिळतो. आपल्याकडे शेवटचा फोन ठेवला की नोंदवहीत सही करायची आणि निघायचं. तो फोन मग घरापर्यंत सोबत येतो. घरी तो सांगायचा कुणाला? गुप्ततेचा नियम आहे, आणि तो योग्यच आहे. घरचे आधीच म्हणत असतात, घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस. मग माणूस गप्प राहतो. ज्या संस्थेने गुप्ततेची शपथ घ्यायला लावली, तिनेच ते ओझं उतरवायची जागाही द्यायला हवी, हे मला अगदी साधं न्यायाचं वाटतं.

अमेरिकेतल्या केनेथ श्वार्ट्झ यांचं 1995 मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने निधन झालं. उपचारांच्या काळात परिचारिका आणि डॉक्टर यांच्याकडून मिळालेल्या आपुलकीने त्यांना फार मोठा आधार दिला होता. त्यांच्या नावाने निघालेल्या केंद्राने इस्पितळांत ठरावीक काळाने एक बैठक घ्यायला सुरुवात केली. तिथे उपचारांची चर्चा होत नाही, तर उपचार करणाऱ्याच्या मनावर एखाद्या रुग्णाने काय ठेवलं, हे बोललं जातं. मोठा शल्यविशारद आणि वॉर्डातला मदतनीस एका खोलीत बसतात. अशा बैठका आज अनेक देशांत होतात. हे करायला इस्पितळच लागतं असं नाही. महिन्यातून एकदा तासभर, ज्यात कामाचा आढावा घ्यायचा नाही आणि आकडे विचारायचे नाहीत, एवढी एक बैठक कोणतीही संस्था घेऊ शकते. मात्र विश्वस्तांनीही तिथे बसावं, आणि आपलंही बोलावं. वरचा माणूस बोलला नाही, तर खालचा बोलत नाही.

तुमच्या अडचणी मला ठाऊक आहेत. “दुःख सुटी घेत नाही,” असं एका ज्येष्ठ समन्वयकांनी मला सांगितलं होतं. खरं आहे. पण संस्था तर त्यासाठीच काढलेली असते! एका माणसाला चोवीस तास जागता येत नाही, म्हणून चार माणसं एकत्र येतात. त्या चौघांपैकी एकालाच चोवीस तास जागवायचं असेल, तर संस्थेची गरज काय? आणि माणसंच कमी असतील, तर कामाचे तास कमी करा. रोज चार तास चालणारी आणि त्या चार तासांत प्रत्येक फोन नीट घेणारी हेल्पलाइन मला कागदावर अहोरात्र चालणाऱ्या हेल्पलाइनपेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटते. रात्री तीन वाजता वाजत राहिलेला फोन काय करतो, हे ज्याने तो लावलेला असतो त्यालाच माहीत असतं.

दुसरी अडचण जास्त अवघड आहे. “आम्ही सुटी देतो हो, पण हेच लोक घेत नाहीत.” हेही खरं आहे, आणि याच्या मुळाशी जायला हवं. आपल्यातल्या अनेकांना स्वतःच्या घरातलं रितेपण किंवा जुनं दुःख विसरायला हे काम लागतं. कुणाला वाटतं, आपण एक दिवस नसलो तर आपली गरजच संपेल. कुणाला नाही म्हणणं म्हणजे पाप वाटतं. अशा माणसाला “हवी तेव्हा सुटी घ्या” म्हणणं म्हणजे त्याच्यावर सोडून देणं. तो कधीच मागणार नाही. म्हणून सुटी मागण्यावर नसावी, ठरलेली असावी. एखादी मोठी आपत्ती, एखादा मृत्यू, एखादी जागून काढलेली रात्र झाली की पुढचा दिवस आपोआप मोकळा, कारण न विचारता. तीन-चार महिन्यांनी एक आठवडा सक्तीने बाहेर. यात कुणी लहान होत नाही, कारण नियम सगळ्यांना सारखा असतो.

नियमाची ही ताकद संस्था ओळखत नाहीत, असं मला नेहमी वाटतं. मदत मागणारा माणूस रात्री-बेरात्री स्वयंसेवकाच्या खासगी नंबरवर फोन करतो. स्वयंसेवकाने उचलला नाही तर त्याला रात्रभर टोचणी, उचलला तर झोप गेली. संस्थेने स्पष्ट सांगितलं असेल की खासगी नंबर द्यायचा नाही, आणि वेळेबाहेर कुठे फोन करायचा ते असं असं, तर स्वयंसेवक शांतपणे म्हणू शकतो, “आमच्याकडे असा नियम आहे, पण या नंबरवर तुम्हाला नक्की कुणीतरी भेटेल.” त्याला स्वतःला कठोर व्हावं लागत नाही. नाही म्हणण्याचं ओझं संस्था उचलते. चांगल्या माणसाकडून नकाराची अपेक्षा करण्यापेक्षा त्याच्या बाजूने आपण नकार देणं कितीतरी सोपं आहे. पैशांचंही तसंच. प्रवासाचा, फोनचा खर्च किती जण पदरमोड करून भागवतात, हे एकदा विचारा. खर्च मागायला लाजणारे पुष्कळ आहेत, म्हणून तो मागायला न लावता द्या.

घरी एकहाती शुश्रूषा करणाऱ्यांबद्दल शेवटी लिहिते आहे, पण माझ्या लेखी त्यांचा क्रमांक पहिला आहे. तुमच्या कितीतरी स्वयंसेवकांची घरी हीच दुसरी पाळी चालू असते, आणि तुमच्याकडे मदतीला येणाऱ्यांतही ते असतात. त्यांना पगार नाही, बढती नाही, निवृत्ती नाही. जागतिक आरोग्य संघटनेची ती व्याख्यासुद्धा फक्त नोकरी-व्यवसायापुरती आहे, त्यांना ती लागू होत नाही. शरीर मात्र असा भेद करत नाही. 1995 मध्ये जॅनिस किकोल्ट-ग्लेसर यांच्या गटाने स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची काळजी घेणाऱ्या 13 स्त्रियांच्या आणि तशी जबाबदारी नसलेल्या 13 स्त्रियांच्या त्वचेवर सारखीच छोटी जखम करून पाहिली. काळजी घेणाऱ्या स्त्रियांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. आतला शीण असा कातडीवर दिसतो.

अशा घरी जाऊन “ताई, स्वतःकडेही लक्ष द्या” म्हणणं मला क्रूर वाटतं. लक्ष देणार कधी? रुग्णाला एकटं सोडून? तिथे सल्ला द्यायचाच असेल, तर दोन तास रुग्णाजवळ बसणारा माणूस सोबत घेऊन जा. त्या दोन तासांत तिने झोपावं, फिरावं, नुसतं बसून राहावं, की डॉक्टरकडे जाऊन महिनाभर लांबवलेली आपली तपासणी करून घ्यावी, हे तिचं तिला ठरवू द्या. तो वेळ “सत्कारणी” लागला का, हे विचारू नका. आणि बसायला येणारा माणूस ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी येऊ द्या. कधीतरी मोठ्या मनाने अख्खा दिवस देण्यापेक्षा दर आठवड्याचे दोन तास फार मोलाचे, कारण त्यांच्या भरवशावर माणसाला बाकीचा आठवडा काढता येतो.

एक गोष्ट राहिली. जे लोक थांबतात, त्यांना निरोप नीट द्या. दमून बाहेर पडलेल्याला फितूर झाल्यासारखं वागवलं जातं, गटातून नाव काढलं जातं, भेटल्यावर विषय टाळला जातो. त्याने दिलेली वर्षं खरी होती, ती त्याच्या थांबण्याने पुसली जात नाहीत. त्याला फोन करा, आणि परत कधी येताय असं मुळीच न विचारता बोला. वर्षा-दोन वर्षांनी त्यांतले काही जण स्वतःहून परत येतात, आधीपेक्षा शहाणे होऊन, आणि नव्या लोकांना त्यांच्याइतकं चांगलं दुसरं कुणी शिकवत नाही.

तेव्हा पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हा विषय पहिला घ्या, शेवटच्या “आयत्या वेळचे विषय” मध्ये नको. सगळ्या कार्यकर्त्यांची यादी समोर ठेवा. प्रत्येक नावापुढे लिहा : हा माणूस उद्यापासून महिनाभर आला नाही, तर याचं काम कोण करील? याने शेवटची सुटी कधी घेतली? याच्या घरी कुणी आजारी आहे का, आपण विचारलं आहे का? ज्यांच्या नावापुढच्या जागा कोऱ्या राहतील, त्यांच्यापासून सुरुवात करा, आणि त्यांतही सगळ्यात जुन्या, कधीही नाही न म्हणणाऱ्या माणसाचं नाव आधी घ्या. त्याला बोलावून पुढची सुटीची तारीख त्याच्यासमोरच वेळापत्रकात लिहा, आणि त्या दिवसांत त्याच्या जागी कोण येणार, तेही नावानिशी.

आपली,
एक कार्यकर्ती